परकायाप्रवेश

१

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव आणि त्याच जिल्ह्यातील लोणार यांच्यामध्ये फार अंतर नाही. लोणारचे विवर या भागातील माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. लवणासुराची कथा ऐकून तो मोठा होतो, आणि शाळेत गेल्यावर त्याला कळते की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आकाशातून आलेल्या एका पाषाणाने पाडला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकात असा आघात झाला, ही गोष्ट १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन भूवैज्ञानिकांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनानंतर सर्वमान्य झाली. पण हा आघात केव्हा झाला? १९९७ साली प्रसिद्ध झालेले एक उत्तर आहे, सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. २०११ साली प्रसिद्ध झालेले दुसरे उत्तर आहे, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. एका उत्तराप्रमाणे हे विवर जवळजवळ अकरा पट जुने ठरते.

यातले कोणते उत्तर बरोबर, हा भूवैज्ञानिकांचा प्रश्न आहे आणि तो त्यांनीच सोडवावा. माझा प्रश्न निराळा आहे. यांपैकी एक आकडा मी खरा मानतो, तेव्हा नेमके कशावर विश्वास ठेवतो? खडकावर म्हणावे, तर खडक काही बोलत नाही. खडक आणि आकडा यांच्यामध्ये एक लांबलचक गणित उभे असते. दुसऱ्या उत्तरामागची रीत पाहा. खडकात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सर्गी प्रकार अतिशय संथपणे आरगॉन वायूत बदलत जातो. त्याचे अर्धे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. आघाताच्या उष्णतेने खडक वितळला की जुना आरगॉन निसटतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. पुढे किती आरगॉन साठला हे मोजले की वय निघते. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात नमुना अणुभट्टीत ठेवावा लागतो, पायरीपायरीने तापवावा लागतो, निघालेला वायू मोजावा लागतो. हवेतला आरगॉन वजा करावा लागतो, पूर्णपणे न निसटलेल्या जुन्या आरगॉनचा हिशेब लावावा लागतो, प्रत्येक मापनातली अनिश्चितता पुढच्या पायरीवर न्यावी लागते. हे सारे कागदावर करणे अशक्य नाही, पण आज ते कोणी करत नाही. त्यासाठी संगणकाच्या आज्ञावल्या असतात. या क्षेत्रात अशा दोन आज्ञावल्या फार प्रसिद्ध आहेत. अँथनी कॉपर्स यांनी २००२ साली जगापुढे ठेवलेली ‘आर-आर-कॅल्क’ ही एक, आणि बर्कलीच्या भूकालमापन केंद्रात केनेथ लुडविग यांनी वर्षानुवर्षे घडवलेली ‘आयसोप्लॉट’ ही दुसरी. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल या हिशेबवहीच्या पोटात राहणाऱ्या. पहिली तर विंडोजवरच्या एक्सेलशिवाय चालत नाही.

आता असे समजू की डोणगावातील एक मुलगी भूशास्त्र शिकते आहे. आपल्या गावाशेजारच्या या विवराचे वय आपणही एकदा काढून पाहावे असे तिला वाटले. नवे मापन करण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी नाही, पण प्रसिद्ध झालेल्या मापनांचे तक्ते उपलब्ध असतात, आणि त्यांवरून गणित पुन्हा करून पाहणे हे कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यातले असायला हवे. तिच्या घरी एक संगणक आहे. पुण्याच्या मामाने नवा घेतला तेव्हा जुना भाचीला दिला. तो ॲपलचा मॅक आहे. आज्ञावली मागते विंडोज. मुलगी, तक्ता, संगणक आणि आज्ञावली, चारही गोष्टी एका खोलीत आहेत. तरीही गणित होत नाही.

वाचकाला वाटेल, हा तर यंत्राचा प्रश्न झाला. दुसरे यंत्र आणावे आणि मोकळे व्हावे. दिवाळी अंकात याची चर्चा कशाला? मला तसे वाटत नाही. ज्ञान म्हणजे काय आणि ते कोणाचे, हा जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा आहे, असे मला वाटते.

२

आधी अडचण कोणती आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. आज्ञावली म्हणजे नुसते गणित नव्हे. ती आपल्या यजमानाशी अखंड बोलत असते. मला ही वही उघडून दे, पडद्यावर येथे रेघ काढ, घड्याळात किती वाजले सांग, एवढी जागा राखून ठेव, अशा शेकडो मागण्या ती क्षणोक्षणी करते. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली या मागण्या विंडोजच्या बोलीत करते. मॅकला ती बोली कळत नाही. गणित दोन्हीकडे तेच असते. दोन आणि दोन मॅकवरही चारच होतात. परंतु घरचा यजमान बोलणे समजेना, म्हणून पाहुणा उंबऱ्यावरच राहतो.

यावर माणसांनी जे उपाय काढले ते पाहिले म्हणजे आपल्याकडील परकायाप्रवेशाच्या कथा आठवतात. पहिला उपाय देहच बदलण्याचा. २००६ साली ॲपलने आपल्या यंत्रांत इंटेलची चिप बसवली आणि त्याच वर्षी ‘बूट कॅम्प’ नावाची सोय केली. यंत्र सुरू करतानाच ठरवायचे, आज हा मॅक म्हणून जागा होईल की विंडोज म्हणून. दुसरा उपाय एका देहात दुसरा देह कल्पण्याचा. त्याच वर्षी आलेल्या ‘पॅरलल्स’सारख्या आज्ञावल्या मॅकच्या आत एक कल्पित संगणक उभा करतात, आणि त्या कल्पित संगणकात खरेखुरे विंडोज राहते. तिसरा उपाय सर्वांत विलक्षण. ‘वाइन’ नावाचा प्रकल्प १९९३ साली काही स्वयंस्फूर्त मंडळींनी हाती घेतला. यात विंडोज मुळी नसतेच. आज्ञावली विंडोजच्या बोलीत जे जे मागते ते ते ऐकून यजमानाच्या बोलीत सांगणारा एक दुभाषा तेवढा असतो. विंडोज आतून कसे चालते हे त्याच्या मालकांनी उघड केलेले नसताना, केवळ त्याच्या वागण्यावरून, एकेक मागणी पारखत हा दुभाषा तयार करण्यात आला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली २००८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. या पंधरा वर्षांच्या कष्टांमागे कोणता हेतू असेल? दुसऱ्याने लावलेले कुलूप न फोडता, चावी न चोरता, दार उघडावे एवढाच.

परंतु परकाया ही परकीच असते. २०१९ साली मॅकच्या नव्या प्रणालीने जुन्या ३२-बिटी आज्ञावल्यांना जागा देणे बंद केले, आणि दुभाष्याचे कितीतरी पाहुणे एका दिवसात बेघर झाले. २०२० साली ॲपलने इंटेलची चिप सोडून आपली चिप आणली, आणि त्या नव्या यंत्रांवर ‘बूट कॅम्प’ची सोय राहिली नाही. नव्या चिपवर विंडोजची निराळी आवृत्ती कल्पित संगणकात चालवता येते, आणि २०२३ साली मायक्रोसॉफ्टने त्याला मान्यताही दिली. पण त्यासाठी विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो आणि कल्पित संगणक देणाऱ्याचे मोल वेगळे. भाड्याच्या घरातल्या भाडेकरूसारखी ही अवस्था आहे. घरमालकाने भिंत पाडायची ठरवली की आपले बिऱ्हाड हलले.

३

आता पहिला प्रश्न. परकायेत शिरलेला आत्मा तोच राहतो काय?

शंकराचार्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, ज्या शास्त्राचा त्यांना अनुभव नव्हता त्यावर प्रश्न केला. आचार्यांनी मुदत मागितली, अमरू राजाच्या निष्प्राण देहात प्रवेश केला, आणि आपला देह शिष्यांच्या पहाऱ्यात गुहेत ठेवला. पुढे राजदेहात रमून ते स्वतःला विसरले, तेव्हा शिष्यांना जाऊन त्यांना स्वरूपाची आठवण करून द्यावी लागली, असे सांगतात. परकायाप्रवेशाची सिद्धी मोठी, परंतु त्या सिद्धीपेक्षा गुहेतला पहारा महत्त्वाचा, हे या कथेचे मर्म मला वाटते. देह बदलला की विसर पडू शकतो, आणि विसर पडला आहे हे ज्याला पडला त्याला कळत नाही.

हे केवळ रूपक नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एक्सेलमध्ये तारीख ही खरे म्हणजे एक संख्या असते. अमुक दिवसापासून किती दिवस झाले ती संख्या. विंडोजवरचे एक्सेल ही मोजणी १९०० सालापासून करी. मॅकवरचे एक्सेल २००८ च्या आवृत्तीपर्यंत ती १९०४ पासून करी. एका वहीतल्या तारखा दुसऱ्या पद्धतीच्या वहीत उचलून नेल्या, तर प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस, सरकू शकत असे. पडद्यावर कोणतीही चूक दिसत नसे. आकडा जसा नम्रपणे उभा असायचा तसाच उभा असे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील मिनेसोटाच्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंची रचना ओळखण्यासाठी लागणारे एक गणित छोट्या आज्ञावल्यांच्या रूपाने २०१४ साली प्रसिद्ध केले होते. त्या आज्ञावल्या उघड्या होत्या, कोणालाही वाचता येत होत्या, आणि अनेकांनी त्या वापरल्या. २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांच्या लक्षात आले की एकच माहिती दिली असता त्या वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळे उत्तर देतात. विंडोजवर आणि मॅकच्या एका जुन्या प्रणालीवर १७३.२ येत होते, मॅकच्या नव्या प्रणालीवर १७२.७, आणि लिनक्सवर १७२.४. गणितात खोट नव्हती. आज्ञावली यजमानाकडे फायलींची यादी मागत होती आणि ती ठरावीक क्रमाने येईल असे गृहीत धरत होती. एकेक यजमान आपापल्या रीतीने क्रम लावून देत होता. क्रम बदलला की जोड्या चुकत, आणि जोड्या चुकल्या की उत्तर.

या उदाहरणावरून कोणी म्हणेल, मग विंडोजचा आग्रह धरणारेच शहाणे ठरले. एकाच देहात राहा, म्हणजे विसर पडणार नाही. मला यातून नेमका उलटा धडा दिसतो. दोष पाच वर्षे कोणाला दिसला नाही, कारण जो तो आपल्या एकाच देहातले उत्तर पाहून समाधानी होता. तो सापडला तो देह बदलून पाहिल्यामुळे. आणि सापडल्यावर दुरुस्त करता आला तो आज्ञावलीचा मजकूर उघडा होता म्हणून. जे गणित एकाच घरात बरोबर येते ते बरोबर आहे की त्या घराची सवय आहे, हे घराबाहेर पडल्याशिवाय कळत नाही. सोने खरे आहे की नाही हे विकणाऱ्याच्याच कसोटीवर घासून पाहण्यात काय अर्थ? दुसऱ्या सराफाची कसोटी हवी.

याचा अर्थ असा की डोणगावची ती मुलगी मॅकवर तेच गणित करू पाहते तेव्हा ती केवळ स्वतःची सोय पाहत नसते. तिने तेच उत्तर काढले तर त्या आकड्याला एक साक्षीदार मिळतो. निराळे काढले तर शोधाचे एक कारण मिळते. दोन्ही प्रकारे ज्ञानाचा लाभच आहे. तिच्यावर जबाबदारी आहे ती एकच. कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीत, कोणत्या दुभाष्याकरवी, आज्ञावलीची कोणती आवृत्ती चालवली हे तिने लिहून ठेवले पाहिजे. गुहेतला पहारा म्हणतो तो हाच.

४

दुसरा प्रश्न अधिक कठीण. दार बंद ठेवणारा दोषी आहे काय?

येथे घाईने निवाडा करण्याचा मोह होतो. शास्त्रज्ञाने आज्ञावली एका कंपनीच्या घरात बांधली, म्हणजे त्याने ज्ञान विकले, असे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. लुडविग यांचीच गोष्ट पाहा. त्यांनी आयसोप्लॉट घडवली ती आपल्या सहकाऱ्यांच्या टेबलावर जे यंत्र होते आणि त्यात जी हिशेबवही होती तिच्यासाठी. त्यामुळे ज्यांना आज्ञावली लिहिता येत नव्हती अशा शेकडो भूवैज्ञानिकांना कठीण संख्याशास्त्र हाताळता आले. ज्याने पाणपोई घातली त्याला, तू नदी का आणली नाहीस, असे विचारण्याचा अधिकार तहान भागलेल्याला नाही.

परंतु पाणपोईची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. लुडविग निवृत्त झाले. एक्सेलच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या आणि आयसोप्लॉट त्यांच्यात नांदेनाशी झाली. ज्या साधनावर एका अख्ख्या शास्त्रशाखेची मदार होती ते साधन, गणितात काहीही चूक न निघता, केवळ घर बदलल्यामुळे निकामी होऊ लागले. तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पीटर फरमेश यांनी ‘आयसोप्लॉट-आर’ लिहिली आणि २०१८ साली तिचा परिचय प्रसिद्ध केला. ती ‘आर’ या मुक्त भाषेत आहे. मॅक, विंडोज, लिनक्स, कोठेही चालते. तिचा सारा मजकूर कोणालाही वाचता येतो. एका माणसाने स्वतःच्या श्रमाने गणिताला भाड्याच्या घरातून काढून मोकळ्या माळावर आणले. आमच्या कल्पनेतल्या मुलीसाठी आज हे दार उघडे आहे. पण ते आपोआप उघडलेले नाही, आणि प्रत्येक शास्त्राला असा माणूस मिळेलच असेही नाही.

तेव्हा दोष द्यायचा तर कोणाला? मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हत्यार आणि रीत. हत्यार घडवणाऱ्याने त्याचे मोल घ्यावे. सुतार रंधा फुकट देत नाही आणि त्याने तो द्यावा अशी अपेक्षाही नाही. परंतु जो माणूस ‘मी अमुक रीतीने गेलो आणि मला अमुक आकडा मिळाला’ असे जगाला सांगतो, त्याने ती रीत उघडी ठेवण्याचे कर्तव्य त्याच क्षणी अंगावर घेतलेले असते. शास्त्रातल्या विधानाचा अर्थच ‘तूही येऊन पाहा’ असा असतो. या आमंत्रणाखाली ‘मात्र अमुक दुकानाच्या दारातूनच ये’ अशी बारीक अक्षरातली अट असेल, तर ते आमंत्रण पुरे नव्हे.

यावर एक सबळ आक्षेप येईल. ज्ञानाला पात्र लागतेच. ज्या यंत्राने आरगॉन मोजला ते काय डोणगावात आहे? अणुभट्टी आहे? मग त्यांच्याबद्दल तक्रार नाही आणि संगणकाच्या प्रणालीबद्दलच का? याचे उत्तर असे की दारिद्र्य आणि कुलूप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मापनयंत्र महाग आहे, कारण ते घडवायला धातू, कौशल्य आणि वेळ लागतो. एकाला दिले की दुसऱ्याला उरत नाही. गणित तसे नाही. ते एकाने केले म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. त्याची प्रत काढायला जवळजवळ काही पडत नाही. जेथे टंचाई निसर्गाने किंवा परिस्थितीने केली आहे तेथे सोसावे आणि हळूहळू भरून काढावे. जेथे टंचाई मुद्दाम किंवा बेपर्वाईने निर्माण केली आहे तेथे मात्र का म्हणून विचारावे.

५

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. आमच्याच प्रदेशाच्या इतिहासात त्याचा एक मोठा बोधप्रद अध्याय आहे.

चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार आणि मेहकर ही गावे येतात. त्यांनी आपला उपदेश मराठीत केला. त्यांच्या पश्चात नागदेवाचार्यांनी तोच आग्रह धरला. संस्कृतचे पंडित असलेले केसोबास संस्कृतात ग्रंथ रचू लागले तेव्हा, अशाने माझ्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील, असे सांगून त्यांनी त्यांना परावृत्त केले, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ज्ञान ज्या भाषेत असेल तिचे दार सर्वांना उघडे असले पाहिजे, हा विचार तेराव्या शतकात इतक्या स्पष्टपणे मांडला गेला याचा आपल्याला अभिमान वाटावा.

आणि त्याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकात, आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. भाषा मराठीच, पण अक्षरे अदलाबदल केलेली. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाणार. यामागे वाईट हेतू होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. काळ धामधुमीचा होता. ग्रंथांची विटंबना होऊ नये, पाठ भ्रष्ट होऊ नयेत, अनधिकारी हातांत पडू नयेत, अशी काळजी त्यामागे असणार. त्या काळजीमुळे पुष्कळ ग्रंथ शुद्ध स्वरूपात टिकलेही. परंतु त्याची किंमत काय पडली? मराठीतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून आज आपण ज्याचे नाव घेतो ते लीळाचरित्र कित्येक शतके उरलेल्या महाराष्ट्राला जवळजवळ अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी या लिपीचा उलगडा केला तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. ज्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारली होती त्यांच्या कितीतरी पिढ्या दरम्यान होऊन गेल्या.

यातून मी दोन गोष्टी शिकतो. एक अशी की दार बंद करणारा नेहमी लोभीच असतो असे नाही. प्रेमानेही दार बंद होते, काळजीनेही होते आणि नुसत्या सवयीनेही होते. दुसरी अशी की भाषा उघडी ठेवून लिपी बंद केली तरी परिणाम तोच होतो. आज शोधनिबंध सर्वांना वाचता यावेत म्हणून मोठा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे. परंतु निबंध उघडा आणि त्यातले गणित मात्र एका प्रणालीच्या कुलपात, ही सकळ लिपीच झाली. आपण मराठी माणसांनी तर हे संगणकावरही भोगले आहे. एका फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की किडामुंगीसारखी अक्षरे दिसत. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळाली होती, तरी आमच्या कचेऱ्या आणि छापखाने पुढे कितीतरी वर्षे ज्याच्या त्याच्या फाँटच्या कोठडीत राहिले. त्या काळात लिहिलेले किती लेखन आज उघडतही नाही याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

६

शेवटचा प्रश्न उरतो तो दाराबाहेर उभ्या असलेल्याचा. त्याने काय करावे?

सर्वांत जवळचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. चोरीची प्रत. गल्लीतल्या दुकानात विंडोज पैशांशिवाय ‘टाकून’ मिळते, महागडी शास्त्रीय आज्ञावलीही कुलूप तोडून मिळते. याला चोरी म्हणायलाही आपण आता कचरतो, इतकी ती रूढ आहे. तिच्या बाजूने युक्तिवादही करता येतो. ज्ञान सर्वांचे आहे, कंपनी श्रीमंत आहे, विद्यार्थी गरीब आहे, मग बिघडले कोठे? गरिबीपुढे उपदेश करणे मला आवडत नाही, आणि ज्या व्यवस्थेने गरिबासमोर चोरी आणि अज्ञान असे दोनच पर्याय ठेवले तिने चोरीचा निषेध करावा हे शोभतही नाही. तरीही या मार्गात एक फसवणूक आहे आणि ती कंपनीची नव्हे, आपली आहे. चोरीची प्रत कुलूप मोडत नाही. ती ते पक्के करते. गावोगाव मुले त्याच घरात शिकतात, त्याच घराची बोली बोलू लागतात, पुढे शिक्षक झाली की तीच बोली शिकवतात, आणि दुसऱ्या घराची कोणाला गरजच वाटेनाशी होते. शिवाय तिच्यावर काढलेला निष्कर्ष उजळ माथ्याने सांगता येत नाही. कोणत्या देहात गणित केले हे लिहून ठेवणे ही ज्ञानाची अट आहे असे आपण वर म्हटले. चोरीची प्रत वापरणाऱ्याला नेमके तेच लिहिता येत नाही.

परकायाप्रवेशाचा मार्ग याहून कष्टाचा आहे, पण तो सचोटीचा आहे. दुभाष्याकरवी चालवावे, कल्पित संगणक उभारावा, विद्यापीठातल्या यंत्रावर तासभर जागा मागावी. काम चालते. मात्र तो आपद्धर्म आहे हे विसरू नये. आपद्धर्माची खूण ही की आपत्ती संपावी असा प्रयत्न चालू असतो. दरवर्षी नवा दुभाषा शोधत राहणे आणि दार बंद का आहे हे कधीच न विचारणे, हा आपद्धर्म नव्हे, ती हतबलता झाली.

हे विचारण्याचे काम एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. ज्या संशोधनाला जनतेचा पैसा मिळतो त्यातल्या गणिताची रीत कोणत्याही यंत्रावर चालेल अशा स्वरूपात उघडी ठेवावी, एवढी अट विद्यापीठांना आणि अनुदान देणाऱ्यांना घालता येते. शिक्षकाला निदान एवढे करता येते की वर्गात एखादी आज्ञावली शिकवताना, ती जे करते ते कागदावर कसे करायचे हेही एकदा दाखवावे. ज्याला कागदावरची रीत कळली त्याला कुलूप अडवते, पण आंधळे करत नाही. आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला, तो कितीही घाईत असला तरी, एक प्रश्न स्वतःला विचारता येतो. मी नसेन, हे यंत्र नसेल, ही कंपनी नसेल, तेव्हा माझे हे गणित कोणाला पुन्हा करता येईल काय?

या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येईल असे जे असेल त्याला मी ज्ञान म्हणेन. ज्याला ‘नाही’ म्हणावे लागेल ते उपयुक्त असेल, चतुर असेल, कदाचित खरेही असेल. पण ते अजून एका घरातली गोष्ट आहे. लोणारच्या आघाताला ५२ हजार वर्षे झाली असोत की पावणेसहा लाख, तो खड्डा कोणाच्या परवान्याने पाडला गेला नाही, आणि त्याच्या काठावर उभे राहून ‘हे केव्हा झाले?’ असे विचारायलाही परवाना लागत नाही. उत्तर तपासायला तो लागू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.